भूमीच्या हवाली : अथेन्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तुसंग्रहालयाची हकीकत



या व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना चालकांनी विषयाची निवड सर्वस्वी माझ्यावर सोपविली. आणि ज्या थोर अध्यापकांच्या स्मृत्यर्थ ही माला चालविली जाते त्यांचा व्यासंग इतका चौफेर होता की, कोणताही विषय घेतला तरी तो त्यांच्या जिज्ञासेच्या शिवेबाहेर जाण्याची भीती नव्हती. म्हणून जो विषय पुष्कळ वर्षे माझ्या मनात घर करून आहे तोच आज आपल्यापुढे ठेवतो. अथेन्स नगरीतील राष्ट्रीय पुराणवस्तुसंग्रहालय हा तो विषय. ग्रीक मूर्तींच्या सौंदर्याविषयी आजवर विपुल लिहिले गेले आहे. परंतु त्या मूर्ती आपल्यापर्यंत पोहोचल्या कशा, त्या कोणी जपल्या आणि जपताना काय सोसले, याचा विचार सामान्य रसिक क्वचितच करतो. तो विचार एकदा सुरू केला म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ग्रीकांनी देवळांत, चव्हाट्यांवर आणि क्रीडांगणांत सर्वांच्या दृष्टीसमोर जे उभे केले त्याचा बहुतांश नाश झाला. आणि जे काही ना काही कारणाने दृष्टीआड झाले, पाण्याखाली बुडाले किंवा मातीखाली गाडले गेले, तेच मुख्यतः आज शिल्लक आहे. हे सत्य ज्या संस्थेने ओळखले, आणि आपल्या आयुष्यातील सर्वांत बिकट प्रसंगी आचरूनही दाखविले, तिची हकीकत सांगणे हे माझ्या आजच्या भाषणाचे प्रयोजन आहे.

प्रथम नाशाचा जमाखर्च पाहू. सम्राट अलेक्झांडरच्या पदरी असलेला मूर्तिकार लायसिपस याने पंधराशे मूर्ती घडविल्या असे रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो. या आकड्यात अतिशयोक्ती असेल असे धरून तो निम्म्यावर आणला तरी थोडाथोडका होत नाही. आणि तरीही खुद्द लायसिपसच्या हातची म्हणून निःशंकपणे दाखविता येईल अशी एकही मूर्ती आज पृथ्वीच्या पाठीवर नाही. फिडियसने पार्थेनॉनच्या गाभाऱ्यासाठी सुवर्ण आणि हस्तिदंत यांची घडविलेली अथीनादेवीची महामूर्ती सुमारे १२ मीटर उंच होती; तिच्यातले सोने आणि हस्तिदंत यांपैकी तिळमात्रही उरलेले नाही. तिच्या रूपाची कल्पना करावयाची ती मुख्यतः एका लहानशा संगमरवरी प्रतिकृतीवरून. ही प्रतिकृती रोमन काळातली, १८८० साली अथेन्समध्येच वार्वाकिओन नावाच्या शाळेजवळ सापडलेली, आणि उंचीने एक मीटरहून किंचित अधिक. या संग्रहालयात ती आहे. शिरस्त्राणावरचे पंखांचे अश्व, डाव्या बाजूस ढाल, ढालीआड वेटोळे घातलेला सर्प, उजव्या तळहातावर उभी असलेली विजयदेवता, सारे काही तिच्यात यथास्थित आहे; पण घडण मात्र कोरडी, एखाद्या दक्ष कारकुनाने अस्सल दस्तऐवजावरून उतरून काढलेल्या नकलेसारखी आहे. नेमक्या याच गुणामुळे ती अमोल ठरली, कारण नक्कल करणाराने आपल्या पदरचे काही तीत घातले नाही.

हा नाश का झाला, त्याची कारणे फार गूढ नाहीत. कांस्य हा मूर्तीला शोभा देणारा धातू तसाच तिचा घात करणाराही. कारण तो वितळतो, आणि वितळला की त्याचे नाणे होते, शस्त्र होते, भांडे होते. खजिना रिता झालेल्या कोणत्याही सत्ताधीशाला देवळाच्या आवारातील मूर्ती ही आयती धातूची खाण वाटत आली आहे. संगमरवराचे दुर्दैव निराळे. तो भाजला म्हणजे त्याचा उत्तम चुना होतो, आणि मध्ययुगात जुन्या ग्रीक नगरांच्या अवशेषांशेजारी चुन्याच्या भट्ट्या पेटल्या तेव्हा देवदेवता, वीर आणि कुमारिका यांची त्या भट्ट्यांत सारखीच रवानगी झाली. त्याआधी रोमनांचा अंमल येऊन गेला होता. इ. स. पूर्व ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने अथेन्स जिंकून लुटले, आणि त्या काळापासून ग्रीक मूर्ती गलबतांत भरून इटलीकडे नेण्याचा जो सपाटा सुरू झाला तो पुष्कळ काळ चालला.

त्या गलबतांपैकी काही मुक्कामाला पोहोचली नाहीत. जे पोहोचले ते बहुधा पुढे नष्ट झाले आणि जे बुडाले ते वाचले, ही नियतीची योजना पाहून मन स्तिमित होते. १९०० साली सिमी बेटाचे स्पंज काढणारे पाणबुडे वादळामुळे अँटिकिथेरा या लहानशा बेटाच्या आश्रयाला थांबले असता, त्यांतील एकाला समुद्रतळाशी माणसांचे हात, पाय आणि मुखे यांची रास दिसली. इ. स. पूर्व पहिल्या शतकात बुडालेल्या एका मालवाहू जहाजाचा तो सांगाडा होता. त्यातून निघालेला कांस्याचा तरुण, उजवा हात पुढे करून कोणती तरी गोल वस्तू, आता नाहीशी झालेली, जणू आपल्याला देऊ करणारा, आज संग्रहालयाच्या वैभवात गणला जातो. त्याच जहाजातून निघालेल्या एका गंजलेल्या पिंडात दंतुर चक्रे आहेत हे १९०२ साली वालेरिओस स्ताइस यांच्या ध्यानात आले, आणि ग्रहगणित करणाऱ्या त्या प्राचीन यंत्राने पुढे साऱ्या जगाला थक्क केले. परंतु आपणांपैकी कोणी त्या दालनात गेलात तर या दोन नामांकित वस्तूंच्या मानाने कमी परिचित अशा एका मूर्तीपाशी थोडे अधिक थांबावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ती एका कुस्तीगीर मुलाची संगमरवरी मूर्ती आहे. मुलगा ओणवा झाला आहे, डाव सुरू होण्याच्या क्षणी प्रतिस्पर्ध्यावर दृष्टी रोखून हात पुढे करतो आहे. एका बाजूने पाहिले तर त्याचा गाल, खांदा, बरगड्यांवरून मांडीपर्यंत उतरणारी त्वचा इतकी मऊ आणि निर्मळ की, परवा कारखान्यातून बाहेर पडली असावी. दोन पावले फिरून दुसऱ्या बाजूस आले की अंगावर शहारे येतात. तिकडे चेहरा असा उरलेलाच नाही. सागरी किड्यांनी आणि शिंपल्यांच्या जातीच्या प्राण्यांनी दगड पोखरून पोखरून त्याची चाळण केली आहे, आणि ज्या जागी हात होता तेथे एक विरूप खुंट आहे. एकच मूर्ती, एकच दगड, एकच समुद्र. भेद एवढाच की, जी बाजू तळाच्या गाळात रुतून बसली ती राखली गेली आणि जी पाण्यात उघडी राहिली ती खाल्ली गेली. ग्रीक शिल्पाच्या नाशाचा आणि रक्षणाचा सबंध इतिहास या एका मुलाच्या देहावर लिहिलेला आहे, आणि तो वाचण्यासाठी ग्रंथ उघडावे लागत नाहीत.

समुद्राने दिलेले दुसरे मोठे दान आर्टेमिसिऑनच्या भूशिराजवळचे. युबिया बेटाच्या उत्तर टोकाशी १९२६ साली कांस्याचा एक बाहू मिळाला आणि १९२८ साली उरलेला देह वर काढण्यात आला. २ मीटर ९ सेंटिमीटर उंचीचा, डावा हात समोर सरळ ताणलेला, उजवा हात आयुध फेकण्यासाठी मागे नेलेला हा देव इ. स. पूर्व ४६० च्या सुमाराचा आहे. शोधकार्य चालू असता एका पाणबुड्याचा मृत्यू झाला आणि काम थांबविण्यात आले; त्या मूर्तीसमोर उभे राहणाराने ती किंमतही स्मरणात ठेवली पाहिजे. हातातले आयुध गेल्यामुळे हा वज्रधारी झ्यूस की त्रिशूलधारी पोसायडन, असा वाद पंडितांत माजला. त्रिशूळ हाती दिला तर त्याचे दांडके आणि फाळ मुखासमोर आडवे येतात, आणि एवढ्या कुशल शिल्पकाराने मुखच झाकावे हे संभवत नाही, म्हणून बहुतेकांचा कौल झ्यूसकडे आहे. मलाही तोच पक्ष पटतो. डोळ्यांच्या जागी आता केवळ खाचा आहेत. तरीही ज्या कोणाकडे तो नेम धरून पाहत होता त्याची गय होणार नव्हती, हे त्या रिकाम्या खाचांतूनही कळते.

आता समुद्राकडून भूमीकडे येऊ. १९०६ साली सूनियनच्या भूशिरावरील पोसायडनच्या मंदिराजवळ एका खड्ड्यात जुन्या मूर्तींचे अवशेष सापडले. त्यांतील सर्वांत भव्य युवामूर्ती ३ मीटरहून थोडी अधिक उंच, नॅक्सोस बेटाच्या संगमरवराची आणि इ. स. पूर्व ६०० च्या सुमाराची आहे. केसांच्या बटा मण्यांच्या माळेसारख्या, कान एखाद्या स्तंभशीर्षावरील वेलबुट्टीसारखे वळलेले, देह अजून पाषाणाच्या ठोकळ्यातून पुरता मोकळा न झालेला. पण डावा पाय पुढे पडला आहे. त्या एका पावलात पुढील दोनशे वर्षांची ग्रीक कला सामावली आहे असे मी म्हटले, तर तज्ज्ञांनी ते फार ताणून धरू नये. परंतु पाहणाऱ्याला तसे वाटते खरे.

सूनियनच्या युवकाहून माझ्या मनाला अधिक चटका लावणारी मूर्ती आहे ती फ्रासिक्लेया या कुमारिकेची. अ‍ॅटिका प्रांतातील मेरेंडा येथील एका जुन्या चर्चच्या बांधकामात एक कोरीव बैठक चिणलेली होती, आणि एका फ्रेंच प्रवाशाने अठराव्या शतकातच तिच्यावरील लेखाची नोंद करून ठेवली होती. पारोस बेटाचा आरिस्टिऑन हा मूर्तिकार. फ्रासिक्लेया हे मृत मुलीचे नाव. आणि विवाहाचा योग येण्यापूर्वीच ती गेल्यामुळे कुमारी हेच तिचे अक्षय नाव झाले, असा त्या लेखाचा आशय. बैठक होती, लेख होता, मूर्तिकाराचे नाव होते. मूर्ती तेवढी नव्हती. १९७२ साली त्या चर्चपासून जवळच एका खड्ड्यात दोन मूर्ती शेजारी शेजारी निजविलेल्या आढळल्या, एक तरुण आणि एक तरुणी. तरुणीच्या पायाशी असलेले शिसे बैठकीच्या खाचेत जुळवून पाहिले, ते तंतोतंत बसले, आणि दोन हजारांहून अधिक वर्षे ताटातूट झालेली मुलगी आपल्या नावाला परत मिळाली.

तिचा पोशाख तांबडा होता, आणि तो रंग अजून दिसतो. वस्त्रावर फुलांच्या चकत्या, काठाला नागमोडी नक्षी, कानांत डूल, मनगटांत कांकणे, मस्तकावर कमळाच्या कळ्या आणि उमललेली कमळे यांचा आळीपाळीने गुंफलेला मुकुट. उजव्या हाताने वस्त्राची चुणी किंचित आवरून धरलेली, आणि डाव्या हातात, छातीशी, एक मिटलेली कळी. ग्रीक मूर्ती म्हणजे शुभ्र पाषाण, ही जी समजूत युरोपातील कलाशाळांनी दीर्घकाळ जोपासली आणि आपल्याकडील कलाविद्यालयांनी जशीच्या तशी उचलली, तिचे खंडन करावयास या एका मुलीचे वस्त्र पुरेसे आहे. तिचे रंग टिकले ते ती कोणी तरी हेतुपुरस्सर, जपून, मातीत निजविल्यामुळे. ते हात कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. कोणी म्हणतात, पर्शियनांच्या स्वारीची चाहूल लागली तेव्हा हे घडले. कोणी म्हणतात, अथेन्समधील घराण्यांच्या आपसांतील वैरापासून तिला वाचविण्यासाठी. संकट कोणतेही असो, कोणी तरी असा हिशेब केला की शत्रू जाईल, माती राहील, आणि ठेव परत काढता येईल. ठेवणारे परत आले नाहीत. मातीने मात्र ठेव बुडविली नाही.

येथे हेगेसो या स्त्रीच्या स्मृतिशिलेचाही उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. अथेन्सच्या केरामेइकोस या प्राचीन दफनभूमीत १८७० साली ती मिळाली, आणि इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीची आहे. खुर्चीवर बसलेली मालकीण, समोर डबी घेऊन उभी असलेली दासी. मालकिणीने डबीतून एक दागिना उचलला आहे आणि ती त्याकडे पाहते आहे. दागिना दिसत नाही, कारण तो कोरलेला नव्हता, रंगविलेला होता, आणि रंग उडून गेला. बोटे मात्र अजून तशीच चिमटीत धरलेली. युद्ध नाही, देव नाही, पराक्रम नाही. दुपारच्या वेळी कोणत्याही सुखवस्तू घराच्या माजघरात घडावा असा हा प्रसंग, आणि त्यावर मृत्यूची छाया इतकी हलकी पडलेली की, ती पडली आहे हे प्रथम कळतही नाही.

ही सारी ठेव सांभाळण्याचे काम माणसांनी अंगावर घेतले, त्याचा इतिहास फार जुना नाही. तुर्कांच्या अमलातून ग्रीस मुक्त होत असतानाच, १८२९ साली, राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांनी एजिना बेटावर, तेथील अनाथालयाच्या इमारतीत, पहिले राष्ट्रीय संग्रहालय स्थापन केले. देशाची घडी बसलेली नाही, खजिन्यात पैसा नाही, अनाथ मुलांना निवारा देण्याची चिंता, आणि त्याच छपराखाली भग्न मूर्तींनाही आसरा, या योगाचे मला नेहमीच मोल वाटत आले आहे. १८३४ साली कायदा झाला आणि देशातील सर्व प्राचीन वस्तू ही समस्त ग्रीक जनतेची राष्ट्रीय संपत्ती होय, असे तत्त्व त्यात नमूद करण्यात आले. पुढे अथेन्समध्ये एलेनी तोसित्सा या दानशूर स्त्रीने जमीन दिली, १८६६ साली पायाभरणी झाली आणि १८८९ साली इमारत पूर्ण झाली. मूळ आराखडा लुडविग लांगे या जर्मन वास्तुविशारदाचा. त्याला अखेरचे रूप दिले एर्न्स्ट झिलर यांनी.

कायदा झाला म्हणून चोरी थांबली नाही. क्रोइसोस नावाच्या, रणांगणात पडलेल्या एका तरुणाची अ‍ॅनाव्हिसोस येथील स्मृतिमूर्ती चोरट्यांनी बेकायदा खणून काढली, वाहतुकीच्या सोयीसाठी करवतीने तिचे तुकडे केले आणि ती पॅरिसला पोहोचविली. १९३७ साली ती मायदेशी परत आली. तुकडे सांधले गेले, पण करवत फिरली ती फिरलीच. अधिक खोल हानी होते ती निराळीच. वस्तू ज्या जागी, ज्या थरात, ज्या सोबतीत सापडली त्याचा पंचनामा नसेल तर ती वस्तू मुकी होते. फ्रासिक्लेया बोलू लागली ती बैठक आणि मूर्ती यांच्या जागांची नोंद होती म्हणून. उद्या ती एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात अवतरली असती तर एक सुंदर अनामिका यापलीकडे तिला काही पदवी मिळती ना. म्हणून संग्रहालयाचे खरे धन त्याच्या दालनांत जेवढे असते तेवढेच त्याच्या दप्तरात असते, असे माझे ठाम मत आहे. आणि आता ज्या प्रसंगाकडे मी वळणार आहे त्यात त्या दप्तराला मूर्तींइतकाच मान मिळाला, हे आपण पाहालच.

२८ ऑक्टोबर १९४० रोजी इटलीने ग्रीसवर आक्रमण केले. संग्रहालय ज्या रस्त्यावर आहे त्याला लोक पातिसिओन म्हणतात, पण त्याचे अधिकृत नाव आज ‘२८ ऑक्टोबर’ हेच आहे. नोव्हेंबर महिन्यात पुराणवस्तू खात्याचे परिपत्रक निघून देशातील संग्रहालयांना रक्षणाच्या सूचना गेल्या. मार्ग दोन होते. मूर्ती जागच्या जागी ठेवून तिच्याभोवती लाकडी चौकट आणि वाळूची पोती रचावी, हा एक. तिला जमिनीत पुरावे, हा दुसरा. विमानांतून बाँब पडू लागल्यावर पोत्यांचा भरवसा किती, हे उघड होते. अथेन्सच्या संग्रहालयाने प्रामुख्याने दुसरा मार्ग पत्करला.

दालनांची फरशी उखडून खाली खोल खड्डे खणण्यात आले. लाकडी यारी उभारून मूर्ती दोरखंडांनी तोलीत एकेक करून खाली उतरविल्या. आपल्याकडे दुष्काळाच्या आणि दंग्याधोप्याच्या काळात शेतकरी धान्य पेवात घालून वर माती लोटीत असे, त्याच बुद्धीने त्या लोकांनी आपले देव पेवात घातले. त्या कामाची काही छायाचित्रे उपलब्ध आहेत, आणि ती ज्याने पाहिली त्याला विसरणे शक्य नाही. खड्ड्यात संगमरवरी स्त्रीपुरुष दाटीवाटीने उभे आहेत. कोणाची पाठ, कोणाचा खांदा, कोणाचे नुसते मस्तक मातीच्या कडेवर दिसते. आणि त्यांच्यामध्ये खांद्याला खांदा लावून हाडामांसाचे मजूर उभे आहेत, त्यांपैकी कोण कोणाला धीर देतो आहे हे सांगणे कठीण. त्या वेळी तेथे काम करणाऱ्या विदुषी सेम्नी कारूझू यांनी पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींवरून असे दिसते की, सेवक मंडळी उजाडण्यापूर्वीच जमत आणि रात्र पडल्यावर घरी परतत. असे सुमारे सहा महिने चालले. सैन्यात भरती झाल्यामुळे तरुण हात थोडे, अवजारे तुटपुंजी, आणि उतरवावयाच्या वस्तूंचे वजन मणांत मोजण्याच्या पलीकडचे. सूनियनच्या त्या युवकाला, जो एका खड्ड्यातून १९०६ साली वर आला होता, पस्तिसाव्या वर्षी पुन्हा खड्ड्यात उतरावे लागले.

मृत्पात्रे, लहान कांस्यवस्तू आणि मातीच्या मूर्ती पेट्यांत भरून तळघरातील कोठारांत ठेवण्यात आल्या. मायसिनीच्या राजसमाधींतून श्लीमानने १८७६ साली काढलेले सोने बँक ऑफ ग्रीसच्या तिजोरीत गेले. आणि त्या सोन्याबरोबर, तितक्याच काळजीने पेट्यांत बंद करून, संग्रहालयाच्या नोंदवह्याही बँकेच्या ताब्यात देण्यात आल्या. ज्या कोणी तो निर्णय घेतला त्याच्या दूरदृष्टीला मी मनोभावे वंदन करतो. कोणती वस्तू कोठे पुरली हे लिहिलेला कागद हरवला असता तर मूर्ती असून नसल्यासारख्या झाल्या असत्या; शत्रूच्या हाती लागला असता तर पुरण्याचा खटाटोप व्यर्थ गेला असता.

२७ एप्रिल १९४१ रोजी जर्मन सैन्य अथेन्समध्ये शिरले. संग्रहालयाच्या दालनांत त्यांना उघड्या भिंती आणि रिकाम्या जागा तेवढ्या दिसल्या. पुढे आलेल्या हिवाळ्यात अथेन्समध्ये भीषण दुष्काळ पडला आणि माणसे रस्त्यांवर अन्नावाचून मेली. त्या दिवसांत कारूझू आणि त्यांचे पती ख्रिस्तोस कारूझोस हेही त्याच शहरात होते. या उभयतांचा जर्मन विद्येशी जन्माचा ऋणानुबंध होता, जर्मन पुरातत्त्व संस्थेचे सभासदत्व हा त्यांचा मान होता. तो त्यांनी परत केला. विद्या कोणा एका राष्ट्राची नसते हे खरेच, पण ज्या हातांनी ती दिली तेच हात गळ्याशी आले असता मानपत्र भिंतीवर लावून ठेवणे हा विद्येचा सन्मान होत नाही, असा विवेक त्यांनी केला. १९४२ साली कारूझोस संग्रहालयाचे संचालक झाले. संचालक कशाचे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या संग्रहाचे. दाखविण्यास काही नाही, सांगण्यास तर काहीच नाही, आणि पायांखालच्या भूमीत अडीच हजार वर्षांची ठेव. अशा पदावर दोन वर्षांहून अधिक काळ मुकाट्याने बसून राहणे ही एक तपश्चर्याच होय.

ऑक्टोबर १९४४ मध्ये अथेन्स मुक्त झाले. पण त्यानंतर देशात यादवी माजली, आणि मूर्तींना वर काढून पुन्हा मांडण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. पुरलेली वस्तू बाहेर काढणे हे पुरण्याहून सोपे, अशी कोणाची कल्पना असेल तर ती खरी नाही. मातीतील ओल, क्षार, सांध्यांतील जुन्या लोखंडी खुंट्या, सगळ्यांचा परामर्श घ्यावा लागतो. कारूझोस यांनी या निमित्ताने सबंध संग्रहाची मांडणी नव्याने केली. पूर्वीच्या कोठारवजा दाटीच्या जागी प्रत्येक मूर्तीला भोवती मोकळी हवा मिळाली, आणि आद्यकाळापासून रोमन काळापर्यंत ग्रीक शिल्प कसे वाढत गेले ते चालता चालता पाहणाऱ्याला उमगावे अशी दालनांची ओळ लागली. १९६४ साली ते सेवानिवृत्त झाले तोवर हे काम तडीस गेले होते. त्यांच्या हयातीत फ्रासिक्लेया अजून मातीतच होती. १९६७ साली ते वारले आणि पाच वर्षांनी ती सापडली.

या कथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतो, आणि तो मी ओढूनताणून आणलेला नाही. ज्या दशकात अथेन्सचे लोक आपले देव जमिनीत उतरवीत होते, त्याच दशकात कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर एक ग्रीक देव जमिनीतून वर येत होता. तेथील शोधांत कांस्याच्या वस्तूंचा एक संच हाती लागला; त्यात आरसे, भांडी, पाठीवर स्वार घेतलेला हत्ती, आणि यांच्यासमवेत सागरदेव पोसायडन याची एक छोटी मूर्ती होती. पुढे डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, आणि सातवाहनकालीन नगराचा रोमन व्यापाराशी असलेला संबंध त्यातून स्पष्ट झाला. मूर्ती रोमन काळातली, पण तिचा साचा ग्रीक. लायसिपसच्या परंपरेशी तिचे नाते जाणकारांनी जोडले आहे. ज्या मूर्तिकाराच्या हातचे एकही अस्सल काम जगात उरले नाही, त्याच्या कल्पनेची एक दूरची छाया भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, कोकणचा किनारा आणि सह्याद्रीचा घाट ओलांडून करवीरनगरीत आली, आणि तेथल्या मातीने ती दोन हजार वर्षांच्या आसपास राखून ठेवली. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावे कोरलेली आहेत, हे येथे स्मरले म्हणजे या येण्याजाण्यात नवल वाटण्याचे कारण राहत नाही.

हा पोसायडन कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहे. अंबाबाईच्या दर्शनासाठी आपणांपैकी पुष्कळजण त्या नगरीत जातात; त्यांनी एक तासभर सवड काढून टाऊन हॉलमध्ये जावे आणि त्या मूर्तीचे दर्शन घ्यावे, अशी माझी विनंती आहे. आणि दुसरी विनंती याहून महत्त्वाची आहे. शेत नांगरताना, विहीर खणताना, घराचा पाया घालताना एखादे नाणे, मूर्ती, कोरीव दगड किंवा खापरांचा ढीग लागला, तर तो सराफाकडे नेऊ नये, देव्हाऱ्यात बसवू नये आणि जागेवरून हलवूही नये. १८७८ सालच्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे काही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे हे कायद्याने बंधनकारक आहे; किंमत त्याहून कमी वाटली तरी पुरातत्त्व खात्याला कळवावे, आणि त्यांची माणसे येऊन जागेची नोंद करीपर्यंत वर माती लोटून ठेवावी.